नामदार गोखले : सरकारचं बजेट वाचणारे शाळामास्तर



अर्थसंकल्प जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं विचारतात, सर, काय स्वस्त झालं, काय महागलं? आपण पेपरातली चौकट वाचून दाखवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. नववी-दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. त्यात आयकर आहे, जीएसटी आहे, शेअर्स आहेत. मुलं टक्केवारी काढतात, उत्तर मागच्या पानाशी जुळवतात आणि मोकळी होतात. पण हा कर कोण भरतं, कुणाला जड जातो, जमलेला पैसा कुठे जातो, हे विचारायचं राहूनच जातं.

हे कसं शिकवायचं, असा प्रश्न मला पडला तेव्हा मी एका जुन्या शिक्षकाच्या चरित्राकडे वळलो. ते शिक्षक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. आपल्या मुलांना गोखले माहीत असतात ते रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा गरीब मुलगा म्हणून, नाहीतर गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून. या दोन्हींच्या मधलं जे आयुष्य आहे, तेच आपल्या विषयाच्या फार उपयोगाचं आहे. चला, ते क्रमाने पाहू.

पंधरा रुपयांतले आठ रुपये

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये वडील वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. मोठा भाऊ गोविंदराव स्वतःच शिकत होता. त्याने शिक्षण सोडलं आणि महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये तो दर महिन्याला कोल्हापूरला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवी. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले.

आता इथे क्षणभर थांबा आणि मुलांना हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. घरातल्या एकूण उत्पन्नापैकी निम्म्याहून जास्त रक्कम एका मुलाच्या शिक्षणावर खर्च होत होती. ५३ टक्के! आजच्या कुठल्या घराचं किंवा कुठल्या सरकारचं बजेट असं असतं? गोविंदरावांनी कुठल्याही पुस्तकात अर्थशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण आज पोटाला चिमटा घेऊन उद्यासाठी पैसा घालणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यालाच आपण गुंतवणूक म्हणतो.

दिव्याखालच्या अभ्यासाचा जो प्रसंग सांगितला जातो, त्यामागेही एक हिशेब आहे. एका मित्राने गोपाळला नाटकाला नेलं आणि नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले. महिन्याच्या ठरलेल्या पैशांत ही रक्कम बसत नव्हती. भावाकडे जास्त मागायचे नाहीत हे तर पक्कंच. मग दिव्याच्या तेलात काटकसर केली आणि रस्त्यावरच्या उजेडात अभ्यास केला. आपण ही गोष्ट कष्टाची म्हणून सांगतो. मी ती वर्गात निवडीची गोष्ट म्हणून सांगतो. पैसे मोजकेच असतील तर एका गोष्टीसाठी दुसरी सोडावी लागते. जी सोडली तीच मिळवलेल्या गोष्टीची खरी किंमत. त्या नाटकाची किंमत दोन आणे नव्हती, तर काही रात्रींचा घरातला उजेड होती. 'संधीव्यय' हा अवघड शब्द मुलांना दोन मिनिटांत कळतो, आणि मग विसरत नाहीत.

न्यू इंग्लिश स्कूलचे गोखले सर

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असं शिक्षण घेऊन गोखले १८८४ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी किंवा वकिली सहज खुली होती. पण ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्य म्हणजे थोड्या पगारावर वीस वर्षं तिथेच शिकवायचं बंधन.

शाळेत आणि नंतर फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी जो विषय वाट्याला येईल तो शिकवला. इंग्रजी झालं, गणित झालं, मग इतिहास आणि अर्थशास्त्र. आपल्यापैकी अनेकांना हे ओळखीचं वाटेल! शाळेत शिक्षक कमी असले की मराठीच्या बाईंना भूगोल घ्यावा लागतो. गोखले मात्र मिळालेला विषय रात्री जागून तयार करत. त्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तक देशभर चाललं, त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली. सुट्टीत ते कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडले. वर्गणी मागणाऱ्याला पै-पैचा हिशेब द्यावा लागतो, हे आपल्यापैकी ज्यांनी शाळेच्या खोल्यांसाठी लोकवर्गणी जमवली आहे त्यांना सांगायला नको.

आकड्यांची तालीम

१८८७ च्या सुमारास गोखले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले. रानडे म्हणजे अर्थशास्त्राचं चालतं-बोलतं विद्यापीठ. ते गोखल्यांकडे जाडजूड सरकारी अहवाल देत आणि त्यांचं सार काढायला सांगत. लिहून आणलेल्या मजकुरातला शब्द न् शब्द आणि आकडा न् आकडा तपासत. चूक सापडली की पुन्हा लिहायचं. ही तालीम एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चालली. विद्यार्थी वीस-बावीस वर्षांचा, स्वतः कॉलेजात शिकवणारा, पण गृहपाठ तपासून घ्यायला त्याला कमीपणा वाटला नाही.

या कामात त्यांचे आणखी एक गुरू होते, त्यांचं नाव मात्र फारसं घेतलं जात नाही. गणेश व्यंकटेश जोशी. हे सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापक होते. शाळा सांभाळून ते सरकारी अंदाजपत्रकांचा अभ्यास करत आणि बहुतेक लेखन नाव न घालता प्रसिद्ध करत. गोखल्यांच्या मोठमोठ्या भाषणांमागचे आकडे जुळवायला त्यांची फार मदत झाली. बघा, देशाच्या तिजोरीचा हिशेब तपासणारी ही जोडी कोण होती? एक माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आणि एक प्राध्यापक.

१८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. तेव्हा त्यांना तिसावं वर्ष होतं. कमिशनवर दादाभाई नौरोजी सभासद होते. उलटतपासणीत गोखले डगमगले नाहीत, कारण प्रत्येक विधानामागे आकडा होता.

पण त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूकही झाली, आणि ती मुलांना सांगायलाच हवी. पुण्यात तेव्हा प्लेग होता. घरं तपासणाऱ्या गोऱ्या सोल्जरांच्या वर्तनाबद्दल पुण्याहून काही पत्रं त्यांना आली. त्यांवर विसंबून त्यांनी तिकडच्या वर्तमानपत्रात गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तो देता आला नाही. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. देशात त्यांच्यावर फार टीका झाली, पळपुटेपणाचे आरोप झाले. ती माफी योग्य की अयोग्य यावर तेव्हाही वाद होता, आजही होऊ शकतो. मोबाईलवर आलेला कुठलाही आकडा पुढे ढकलणाऱ्या आपल्या मुलांपुढे मात्र हा प्रसंग जरूर ठेवावा. आपण जे सिद्ध करू शकत नाही ते बोलून बसलो तर काय करायचं? यावर वर्गात छान चर्चा होते.

सात कोटींची शिल्लक आणि एक शेर मीठ

आता येतो मुख्य भाग. १९०१ मध्ये गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर निवडून गेले. हे मंडळ कलकत्त्याला भरे. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी बजेटवर पहिलं भाषण केलं. त्या वर्षी सरकारच्या हिशेबात सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. एवढी शिल्लक पूर्वी कधी पडली नव्हती. त्यांच्या आधी बोलणाऱ्यांनी अर्थसचिवांचं अभिनंदन केलं. गोखल्यांनी अभिनंदन करायला नकार दिला.

का? मुलांना आधी अंदाज करू द्या. शिल्लक म्हणजे चांगलंच ना? घरात महिनाअखेर पैसे उरले तर आपण खूश होतो. पण सरकार म्हणजे घर नव्हे. सरकारकडे उरलेला पैसा हा लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा असू शकतो. आणि ते दिवस कसले होते? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते, प्लेग चालूच होता. माणसं उपाशी आणि तिजोरी भरलेली, हे दोन्ही एकाच वेळी कसं? गोखल्यांचं म्हणणं असं की ही शिल्लक लोकांच्या भरभराटीतून आलेली नाही, रुपयाच्या भावातून आलेली आहे.

हे थोडं समजून घेऊ. सरकारला दर वर्षी इंग्लंडमध्ये पेन्शन, व्याज वगैरेंसाठी दीड कोटी पौंडांच्या वर रक्कम द्यावी लागे. कर गोळा व्हायचा रुपयांत, देणं मात्र पौंडांत. त्यात चांदीचा भाव उतरत गेला आणि चांदीचा रुपयाही घसरत १३ पेन्सांच्या आसपास आला. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागले. ही तूट भरून काढायची म्हणून सरकारने कर वाढवले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. रुपये कमी पडू लागले तसा त्यांचा भाव चढला आणि काही वर्षांत १६ पेन्सांवर स्थिरावला. आता एका पौंडाला १५ रुपये पुरू लागले.

फळ्यावर गुणाकार करून पाहा. दीड कोटी पौंडांवर पौंडामागे जवळजवळ साडेतीन रुपये वाचले, म्हणजे सव्वापाच कोटी रुपयांच्या आसपास. रुपया घसरला म्हणून वाढवलेले कर, रुपया सावरल्यावर उतरायला हवे होते. ते उतरलेच नाहीत. शिल्लक इथून आली! वर आणखी एक गोष्ट. कापूस विकणाऱ्याला परदेशातून एक पौंड आला तर पूर्वी साडेअठरा रुपये मिळत, आता १५. सरकारला फायदा, शेतकऱ्याला तोटा, आणि कर तोच. ज्या पालकांची मुलं परदेशात शिकतात त्यांना डॉलर वर गेला की फी कशी वाढते हे चांगलं माहीत आहे. ते उदाहरण इथे जोडलं की मुलांना विनिमय दर लगेच उमजतो.

मग गोखल्यांनी कर उतरवायला पहिला कुठला सुचवला असेल? मिठाचा. मीठ तयार करायला जो खर्च येई त्याच्या कितीतरी पट त्यावर कर होता. मणाचे शेर ४०, रुपयाचे आणे १६. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. थोडक्यात, शेरभर मिठामागे एक आणा कर. समजा, एका कुटुंबाला महिन्याला चार शेर मीठ लागतं. वर्षाचे ४८ आणे, म्हणजे ३ रुपये. गोविंदरावांसारखं महिना १५ रुपये मिळवणारं घर असेल तर वर्षाच्या १८० रुपयांतला साठावा भाग मिठाच्या करात गेला. महिना १५० रुपयांचं घरही मीठ तेवढंच खाणार, त्यांचा सहाशेवा भाग गेला. कर दोघांना सारखा, पण ओझं दहापट वेगळं. सगळ्यांना सारखाच दर म्हणजे न्याय, असं मुलांना आधी वाटत असतं. हे गणित केल्यावर वर्ग गप्प होतो.

मिठाचा कर १९०३ मध्ये मणाला दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. आपल्या त्या कुटुंबाचे वर्षाचे ३ रुपये आता सव्वा रुपयाच्याही आत आले. १९०३ मध्येच आयकराची सूटही ५०० रुपयांवरून १००० रुपयांपर्यंत वाढली. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं बरोबर नाही, मागणी जुनी होती आणि अनेकांची होती. पण दर वर्षी मार्चमध्ये हा माणूस उभा राहून आकडे मांडणार हे सरकारला ठाऊक असे आणि त्याची तयारी करूनच यावं लागे. दर उतरल्यावर मिठाचा खप वाढला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आधी लोक मीठसुद्धा हात आखडून खात होते.

इतिहासाच्या पुस्तकात मुलं १९३० चा दांडीचा सत्याग्रह शिकतात. मिठासारखी छोटी गोष्ट गांधीजींनी का निवडली, असं ती विचारतात. त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

हरलेलं विधेयक

१९०२ मध्ये गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण त्यांच्यातला मास्तर सुटला नाही. शिल्लक पडली तर ती कर्ज लवकर फेडण्यात घालण्याऐवजी शाळांवर आणि आरोग्यावर घाला, असा त्यांचा आग्रह होता.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी अगदी बेताची. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचं, तेही जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तिथेच. ज्या पालकाची प्राप्ती महिना १० रुपयांहून जास्त नाही त्याच्याकडून फी घ्यायची नाही. खर्चाचे दोन वाटे सरकारने आणि एक वाटा स्थानिक संस्थेने उचलायचा. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण सुरू केलेलं होतं, म्हणजे हे जमू शकतं याचं उदाहरण समोर होतं. तरी खर्चाचं आणि इतर कारणं पुढे आली. काही हिंदी सभासदही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक पडलं.

मुलींचा त्यात समावेश नव्हता, हेही मुलांपासून लपवू नका. मुलीच विचारतात, आणि विचारायलाच हवं. सगळ्या मुला-मुलींना सहा ते चौदा वयापर्यंत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे झाला २००९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मधे जवळजवळ शंभर वर्षं गेली. पैसा नाही म्हणून जे नाकारलं गेलं त्याची किंमत त्या शंभर वर्षांतल्या किती मुलांनी मोजली असेल? नाटकाच्या तिकिटाचा तोच हिशेब इथेही लागू होतो, फक्त इथे गेलेला उजेड देशाचा होता.

दगदगीने गोखल्यांची तब्येत ढासळत गेली. मधुमेह होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय फक्त ४८. पुढे १९३० मध्ये पुण्यात त्यांच्या नावाने अर्थशास्त्राची संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. गोखले इन्स्टिट्यूट म्हणून ती आज सगळ्यांना माहीत आहे.

वर्गात आणि घरी करून पाहा

शिक्षकांनी दुकानातून आणलेली एक पावती मुलांना आणायला सांगावी. त्यात कर किती, तो कुणाकुणाच्या खिशातून गेला, महिना दहा हजार आणि महिना एक लाख मिळवणाऱ्या घरावर त्याचं ओझं किती, हे काढायला लावावं. ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं अंदाजपत्रक मागून आणावं. त्यात शाळेवर रुपयातले किती पैसे खर्च होतात ते शोधावं. शिल्लक दिसली तर ती कशातून आली हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारावा.

पालकांनी एवढंच करावं, महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चाचा कागद मुलांसमोर मांडावा. किती येतात, कुठे जातात, तुझ्या शिक्षणासाठी कोणती गोष्ट पुढे ढकलली, हे मुलांना कळू द्या. मुलं लाजत नाहीत, उलट जबाबदार होतात. गोपाळला भावाचे ते १५ रुपये आणि आपले ८ रुपये ठाऊक होते. म्हणूनच पुढे सात कोटींच्या आकड्यामागे त्याला शेरभर मीठ घेणारं घर दिसलं.

आपल्या वर्गातही असा एखादा गोपाळ बसलेला असेल. त्याला आकडे नुसते सोडवायला नको, वाचायलाही शिकवू या.